भीती चढलेली असताना उतरू नका: बस, मेट्रो आणि विमानाच्या भीतीवर टप्प्याटप्प्यानं काम कसं करावं

बसचं दार बंद होतं, गाडी हलते आणि पोटात गोळा येतो. पुढचा थांबा किती लांब आहे, दारापर्यंत जायला किती माणसं ओलांडावी लागतील, आपल्याकडे कुणी बघतंय का, असा हिशोब आपोआप सुरू होतो. तळहाताच्या घामानं तिकीट मऊ पडतं. कुठला तरी थांबा येतो, तो आपला नसतो, तरी आपण उतरतो. जमिनीला पाय लागले की जिवात जीव येतो.

मी जवळजवळ दीड वर्ष अशी मध्येच उतरत होते. सुरुवातीला दोन थांबे आधी, मग चार, मग बसच सोडली. विमानाचं तिकीट दोनदा काढलं आणि दोन्ही वेळा रद्द केलं. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की माझ्या भीतीला खतपाणी मिळत होतं ते थांब्यावर. उतरल्यावर येणारा तो सुटकेचा श्वास मनाला दर वेळी एकच धडा देत होता: उतरलीस म्हणून वाचलीस. मानसशास्त्रज्ञ होबार्ट माउरर यांनी १९४७ साली हीच गोष्ट मांडली होती. भीती आधी एखाद्या प्रसंगाशी जोडली जाते आणि पुढे तो प्रसंग टाळल्यावर मिळणारा दिलासाच ती टिकवून धरतो.

म्हणून खाली जे काही सांगते आहे ते सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: उतरायचं कधी? बसमध्ये हे शिकता येतं, कारण तिथे दर काही मिनिटांनी दार उघडतं. विमानात मध्ये थांबा नसतो. त्यामुळे दोन्हींची भीती असेल तर सराव बसपासून सुरू करा, विमान नंतर.

आधी नेमकं कशाला घाबरता ते शोधा

"मला विमानाची भीती वाटते" या एका वाक्यामागे निरनिराळ्या भीती लपलेल्या असतात. कुणाला विमान कोसळेल असं वाटतं. कुणाला अपघाताची काळजीच नसते, पण दार बंद झाल्यावर कोंडल्यासारखं होतं. कुणाला स्वतःच्या शरीराची धास्ती असते: चक्कर येईल, हृदय बंद पडेल, चारचौघांत उलटी होईल. आणि पुष्कळांना बसमध्ये फक्त एवढीच भीती असते की अचानक शौचाला लागलं तर काय करायचं. हे लोक कुणाजवळ बोलत नाहीत, त्यामुळे आपण एकटेच असे आहोत असं त्यांना वाटत राहतं.

एका कागदावर हे वाक्य पूर्ण करा: "मी प्रवासाला निघाले तर अमुक होईल, आणि मग तमुक होईल." दुसरा भाग सोडू नका. "मला धडधडेल" इथे थांबू नका, धडधडल्यावर काय होईल असं वाटतं तेही लिहा. खरी भीती बहुतेक वेळा त्या दुसऱ्या भागात सापडते.

बस, ट्रेन, गर्दी, रांग, बंद जागा, एकटीनं घराबाहेर पडणं यांपैकी बऱ्याच गोष्टी एकदम नकोशा झाल्या असतील तर त्याला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. हा शब्द कार्ल वेस्टफाल या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं १८७१ साली वापरात आणला. शब्दाच्या अर्थावरून ही मोकळ्या मैदानाची भीती वाटते. पण २०१३ साली आलेल्या अमेरिकी निदानपुस्तिकेत या विकाराचे जे पाच प्रसंग दिले आहेत, त्यांत पहिलाच प्रसंग सार्वजनिक वाहनाचा आहे. सगळ्यांच्या मुळाशी भाव एकच: इथून निसटता येणार नाही आणि वेळेला कुणी मदतीला येणार नाही.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास यांतही धडधड किंवा गरगर होते. मात्र तपासणी एकदा नीट करून घ्या आणि निकाल माना. दर प्रवासाआधी पुन्हा ईसीजी काढणं म्हणजे मध्येच उतरण्याचाच आणखी एक प्रकार आहे.

शरीरात काय चाललंय ते समजून घ्या

धोक्याची घंटा वाजली की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास भराभर होतो. पण आपण सीटवर बसलेलो असतो, पळत नसतो. त्यामुळे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्ताची आम्लता घटते आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येणं, डोकं हलकं होणं, आजूबाजूचं सगळं खोटं किंवा लांबचं वाटणं हे यातूनच होतं. श्वास पुरत नाही असं वाटतं खरं, पण अडचण उलटी असते: आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो.

चक्कर येऊन पडू ही भीती सर्वांत जास्त ऐकू येते. बेशुद्ध पडताना साधारणपणे रक्तदाब झपाट्यानं खाली येतो. पॅनिकमध्ये, म्हणजे भीतीच्या अचानक येणाऱ्या तीव्र झटक्यात, तो वर जातो. म्हणून पॅनिकमध्ये माणूस खरोखर बेशुद्ध पडणं विरळाच. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा रक्तदाब खरंच पडतो.

आणि एक लक्षात ठेवाच: पॅनिकची लाट काही मिनिटांत, बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत, टोकाला जाते आणि मग ओसरू लागते. अ‍ॅड्रेनलिनचा जोर कायम टिकत नाही. मध्येच उतरणाऱ्याला हे ओसरणं कधी दिसतच नाही, कारण तो नेमका टोकाला असताना उतरतो.

श्वासाचा सराव घरी, भीती नसताना करा, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. नाकानं चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. खोल श्वास घ्या असं लोक सांगतात, तो सल्ला इथे चुकीचा ठरतो. श्वास सावकाश हवा, उथळ असला तरी चालेल, बाहेर सोडणं लांब हवं.

याच्या जोडीला आणखी एक व्यायाम आहे, तो सुरुवातीला विचित्र वाटतो. भीतीच्या वेळी जे होतं तेच घरी मुद्दाम घडवून आणायचं. एक मिनिट जागच्या जागी पळून धडधड आणायची, फिरत्या खुर्चीत गोल फिरून गरगर आणायची, बारीक नळीतून श्वास घेऊन कोंडल्यासारखं करून घ्यायचं. रोज केलं की धडधड म्हणजे संकट ही गाठ सैल होते. हृदयविकार, दमा, फिट्स असतील किंवा गरोदर असाल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

शिडी तयार करा

भीतीला शून्य ते शंभर गुण द्या. ही मोजपट्टी जोसेफ वोल्प या मनोविकारतज्ज्ञानं रूढ केली. शून्य म्हणजे आरामात, शंभर म्हणजे याहून भयंकर काही असूच शकत नाही. मग प्रसंग लिहून काढा आणि गुणांप्रमाणे चढत्या क्रमानं लावा. बससाठी माझी शिडी अशी होती:

१. थांब्यावर पंधरा मिनिटं उभं राहायचं, बसमध्ये चढायचं नाही (२०)
२. सोबत कुणी असताना, गर्दी नसलेल्या वेळी एक थांबा (३५)
३. तोच एक थांबा एकटीनं (५०)
४. एकटीनं पाच थांबे, दारापासून लांब बसून (६०)
५. एकटीनं शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत (७०)
६. गर्दीच्या वेळी, उभ्यानं, मध्यभागी (८५)
७. बोगद्यातून जाणारी मेट्रो, गर्दीच्या वेळी (९५)

तुमची वेगळी असेल. दोन पायऱ्यांमध्ये फार मोठी उडी दिसली तर मध्ये आणखी एक घाला. आठवड्यातून चार-पाच दिवस तरी जा. महिन्यातून एकदा धाडस केलं तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते.

चढण्याआधी वहीत दोन गोष्टी लिहा: काय होईल असं वाटतंय, आणि तसं होण्याची किती खात्री वाटतेय. उतरल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे: "चक्कर येऊन पडेन, लोक जमा होतील. खात्री ८०." आणि त्याखाली: "पडले नाही. हात थरथरले. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडता का विचारलं, मी उघडली." भीती वाटलीच नाही तर यशस्वी, असा हिशोब ठेवू नका. भीती वाटली आणि जे होईल म्हणून धास्ती घेतली होती ते झालं नाही, हा हिशोब ठेवा. मनाला शिकवतो तो हाच फरक.

कुबड्यांचीही यादी करा. हातात पाण्याची बाटली घट्ट धरणं, दाराजवळचीच सीट, सतत कुणाशी तरी फोनवर बोलत राहणं, डोळे मिटून घेणं, खिशात गोळी असल्याची खात्री पुन्हा पुन्हा करणं. सुरुवातीला असू द्या, पण प्रत्येक पायरीवर एकेक सोडत चला. नाहीतर श्रेय बाटलीला मिळतं, तुम्हाला मिळत नाही. मी सांगितलेला श्वाससुद्धा याला अपवाद नाही. तो लाटेवर टिकून राहण्यासाठी आहे, लाट येऊच नये म्हणून जपायचा मंत्र नाही.

आता उतरण्याचा नियम. कुठे उतरायचं हे चढण्याआधी ठरवायचं आणि तिथेच उतरायचं. भीती नव्वदवर गेली तर एका थांब्याची मुदत घ्या: "आणखी एक थांबा बसते, मग बघते." त्या एका थांब्यात पाय जमिनीवर दाबा, बसमधली पाच माणसं काय करतायत ते निरखा, खिडकीबाहेरच्या पाट्या वाचा. बहुतेक वेळा तेवढ्या वेळात आकडा हलतो.

आणि तरीही उतरावं लागलं तर? मी उतरले आहे, एकदा नव्हे. तेव्हा घरी जायचं नाही. थांब्यावरच उभं राहायचं, आकडा चाळीसच्या खाली येईपर्यंत, आणि मग त्याच दिशेची पुढची बस पकडायची, एक थांबा का होईना. या एका गोष्टीनं मला सर्वांत जास्त हात दिला. त्या दिवशी मनात शेवटचं चित्र उतरल्याचं राहत नाही, चढल्याचं राहतं.

मेट्रो किंवा ट्रेन दोन स्थानकांच्या मध्येच थांबते तेव्हा अनेकांचा धीर सुटतो. ती का थांबते हे माहीत असावं. रुळांचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असावी अशी सिग्नलची व्यवस्था असते. पुढची गाडी त्या भागातून बाहेर पडेपर्यंत मागची उभी राहते. म्हणजे गाडी थांबली याचा अर्थ सुरक्षेची यंत्रणा तिचं काम करते आहे. अशा वेळी घड्याळ लावा. मनाला जी पंधरा मिनिटं वाटतात ती कित्येकदा दोन असतात.

मग विमान

विमानाची शिडी वेगळी बांधावी लागते, कारण रोज कुणी विमानात बसू शकत नाही. खालच्या पायऱ्या जमिनीवरच्या ठेवा: उड्डाणाचे व्हिडिओ आवाज मोठा करून बघणं, विमानतळावर जाऊन तासभर थांबणं, तिकिटाची तारीख ठरवणं. आभासी वास्तवाचा चष्मा वापरून उपचार देणाऱ्या तज्ज्ञांची मदत मिळत असेल तर जरूर घ्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा उपचारांचा परिणाम खऱ्या विमानात बसवून केलेल्या सरावाच्या तोडीचा आढळला होता. पहिलं खरं उड्डाण शक्यतो तासाभराचं असावं आणि परतीचं फार लांबवू नये.

विमान हे सर्वांत सुरक्षित वाहन आहे हे घाबरणाऱ्या माणसाला पाठ असतं आणि त्यानं काहीही फरक पडत नाही. आकड्यांनी भीती जात नाही. पण भीतीपायी माणूस कुठे वळतो हे पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत पुष्कळ लोकांनी विमान टाळून गाडीनं प्रवास केला. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या अंदाजाप्रमाणे त्यामुळे पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसं जास्तीची दगावली.

मला आकड्यांपेक्षा आवाजांनी जास्त मदत केली. विमानातले आवाज ओळखीचे झाले की प्रत्येक आवाजाला दचकणं कमी होतं. क्रमानं सांगते.

जमिनीवर असताना, एअरबस ए३२० च्या कुळातल्या विमानांत, पायाखालून करवत चालल्यासारखा किंवा कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. दोन हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणांमधला दाब सारखा करणारा तो पंप असतो. धावपट्टी सोडल्यावर काही सेकंदांत खालून गडगड आणि धप्प असं ऐकू येतं: चाकं पोटात गेली, दारं बंद झाली. मग साधारण १,००० ते १,५०० फुटांवर इंजिनांचा जोर कमी केला जातो. पहिल्यांदा बसणाऱ्याचा जीव इथे हमखास वर येतो. आवाज उतरतो आणि विमान खाली चाललंय असं वाटतं. तो आतल्या कानाचा भास असतो. वेग वाढण्याचा जोर कमी झाला की कानाला ते खाली जाणं वाटतं, विमान मात्र चढतच असतं. पाठोपाठ पंखांतून घुर्र असा आवाज येतो, ते फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, आत जातात. मधूनमधून वाजणारी टिंग-टिंग ही बऱ्याचदा कर्मचाऱ्यांची आपापसातली हाक असते. उतरताना पंखांवरच्या पट्ट्या वर उठतात, विमान थरथरतं, ते वेग कमी करणं असतं. चाकं बाहेर पडली की वाऱ्याचा आवाज वाढतो, आणि टेकल्यावर इंजिनं जोरात गरजतात, कारण त्यांचा झोत आता पुढच्या दिशेला वळवलेला असतो.

धक्क्यांबद्दल. हवेत खड्डे नसतात, हवेचे प्रवाह असतात, पाण्यातल्या लाटांसारखे. समोरच्या पडद्यावर उंची दिसत असेल तर धक्के बसत असताना तो आकडा बघा. पोट सांगतं शेकडो फूट पडलो, आकडा जेमतेम हलतो. पंख लवतात ते लवण्यासाठीच बनवलेले असतात. सेवेत अपेक्षित असलेल्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार त्यांनी सोसला पाहिजे असा नियम आहे. १९९५ साली बोइंग ७७७ चा पंख चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला, तेव्हा तो १५४ टक्क्यांवर मोडला. धक्क्यांमध्ये इजा होते ती मुख्यत्वे पट्टा न बांधलेल्यांना, म्हणून बसल्यावर पट्टा बांधलेलाच ठेवा. आणि हे आठवा की खराब रस्त्यावरच्या बसमध्ये याहून जोराचे हिसके तुम्ही निमूट सोसले आहेत.

इंजिनं बंद पडली तर? एक बंद पडलं तर दुसऱ्यावर विमान उडतं आणि उतरतं, तसं ते प्रमाणित केलेलं असतं. दोन्ही बंद पडली तरी ते दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. ऑगस्ट २००१ मध्ये अटलांटिकवर एका एअरबस ए३३० चं इंधन संपलं. वैमानिकांनी ते सुमारे १९ मिनिटं इंजिनांशिवाय तरंगत नेऊन अझोर्स बेटांवर उतरवलं. आतली ३०६ माणसं वाचली.

ज्यांना कोंडण्याची भीती आहे त्यांच्यासाठी: आतली हवा दर दोन-तीन मिनिटांनी पूर्ण बदलते, त्यामुळे श्वास कोंडल्यासारखा वाटला तरी हवा कमी पडत नाही. आणि आपणच भीतीच्या भरात दार उघडू असं वाटत असेल, तर उंचावर असताना आतला दाब दारावर दर चौरस मीटरला पाच टनांहून जास्त असतो. माणसाच्या हातानं ते हलत नाही.

गोळी आणि दारू

दारू नको. तिचा अंमल उतरताना धडधड आणि बेचैनी वाढते, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळीबरोबर तर ती धोक्याची आहे. गोळीबद्दल मात्र नीट विचार करा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमानाची भीती असलेल्या २८ स्त्रियांना आठवड्याच्या अंतरानं दोनदा विमानातून नेलं. पहिल्या वेळी निम्म्यांना अल्प्राझोलाम हे चिंता कमी करणारं औषध दिलं, निम्म्यांना नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी. औषध घेतलेल्यांना त्या दिवशी भीती कमी वाटली, पण त्यांचे ठोके दुसऱ्या गटापेक्षा जास्तच होते. आठवड्यानं कुणालाच औषध नव्हतं, तेव्हा पहिल्या वेळी औषध घेतलेल्यांत पॅनिक येण्याचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं. गोळीच्या धुक्यात केलेल्या प्रवासातून मन काही शिकत नाही. अगदी टाळताच न येणाऱ्या एखाद्या प्रवासासाठी डॉक्टर देत असतील तर घ्या, तो कमीपणा नाही. पण सरावाच्या प्रवासात नको, आणि दुसऱ्याची गोळी तर कधीच नको.

उड्डाणाचा दिवस

शक्य असेल तर सकाळचं विमान घ्या. जमीन तापून वर उठणाऱ्या हवेचे धक्के त्या वेळी कमी असतात. पंखांजवळची सीट मागच्या सीटपेक्षा कमी हलते. चहा-कॉफी बेतानं. आत शिरताना कर्मचाऱ्यांना सरळ सांगा, "मला विमानाची भीती वाटते." लाजू नका, त्यांना हे नवीन नसतं, आणि लपवण्यात जी ताकद जाते ती वाचते.

धावपट्टीवर वेग वाढू लागला की हात आपोआप सीटचा दांडा आवळतात. अंग ताठ झालं की प्रत्येक हिसका हाडापर्यंत पोहोचतो. म्हणून उलटं करा: तळहात मांडीवर उघडे ठेवा, खांदे सोडा, जीभ टाळूपासून खाली आणा, आणि विमान हलेल तसं अंग हलू द्या. पहिला अर्धा तास जड जाईल, ते धरूनच चाला.

सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की "काही होत नाही" असं सारखं म्हणू नको. त्यापेक्षा "आता आकडा किती?" असं विचारावं आणि उत्तर ऐकून गप्प बसावं. हात धरायचा असेल तर विचारून धरावा.

तीन-चार महिने मनापासून प्रयत्न करूनही पायरी चढत नसेल, भीतीपायी नोकरी किंवा शिक्षण सुटत असेल, किंवा एखाद्या खऱ्या अपघाताच्या आठवणी पुन्हा पुन्हा उसळत असतील, तर एकट्यानं झगडू नका. वर्तनोपचार जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे जा आणि पहिल्याच भेटीत विचारा: तुम्ही माझ्यासोबत प्रत्यक्ष प्रवासाचा सराव करून घ्याल का? नुसत्या गप्पांवर ही भीती फारशी हलत नाही.

चाकं टेकल्यावर लोक उठून सामान काढू लागतात. तुम्ही दोन मिनिटं बसून राहा. फोन सुरू करण्याआधी वही काढा, निघताना काय होईल असं लिहिलं होतं ते वाचा आणि त्याखाली प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. मग पुढच्या प्रवासाची तारीख लिहा, पंधरा दिवसांच्या आतली, बसची असली तरी चालेल.